वेड न पांघरता पेडगावला

आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या बेसूर माणूस जन्मला नव्हता. ती उणीव मी भरून काढली.

आम्ही परभणीकडच्या मानवतचे गोंधळी. लग्न झालं की त्या घरी जायचं, अंगणात चौक मांडायचा, देवीला गावोगावाहून हाका मारून बोलवायचं आणि नव्या जोडप्याला तिच्या पायावर घालायचं, हे आमचं पिढीजात काम. माझे वडील, अण्णा, संबळ वाजवतात. कमरेला बांधलेल्या दोन लहान नगाऱ्यांवर दोन काड्या पडतात, बघणाऱ्याला एवढंच दिसतं, पण मानवतपासून पूर्णेपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथल्या बाया लग्नात "नवरी आली का?" याच्या आधी "अण्णा आले का?" असं विचारतात. सत्तरी उलटली, मनगट दुखतं, पण कबूल केलेला गोंधळ अण्णांनी आजवर एकदाही चुकवला नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, सोपानकाका, तुणतुणं वाजवतात आणि दिवटी सांभाळतात.

मी दहा वर्षांचा असताना अण्णांनी माझ्या हातात झांज दिली. तिसऱ्या दिवशी हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "बाळा, तू शाळा शिक." (आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कुणाला ऐकावं लागलं नव्हतं.) रागावले मात्र कधीच नाहीत. मी शिकलो, मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ बी-बियाण्याच्या एका दुकानात कामाला लागलो, आणि घराण्याची सेवा म्हणून फोनवर गोंधळाची आमंत्रणं घेऊ लागलो. फोनवर बोलायला सूर लागत नाही, असा माझा समज होता. कान लागतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

वैशाख सरत आला होता. कपाशीच्या बियाण्याला ही गर्दी. त्यात फोन वाजला.

"पेडगावहून बाबाराव कदम बोलायलोय. पोराचं लगीन हाय. परवा दुपारी गोंधळ. अण्णाच पायजेत, दुसरं कुणी नगं."

"येतील की," मी म्हणालो, आणि एका पावतीच्या पाठीमागं लिहिलं: बापूराव कदम, पेडगाव, परवा दुपारी.

पेडगावात बाबाराव कदम आहेत. दोन गल्ल्या सोडून बापूराव कदमही आहेत. हे मला तेव्हा माहीत असतं तर मला लिहायला आज काहीच नसतं.

ठरल्या दिवशी अण्णा आणि सोपानकाका माझी चिठ्ठी घेऊन एसटीनं गेले. गावात विचारलं, आणि एका भल्या माणसानं त्यांना थेट बापूरावांच्या दारात नेऊन सोडलं.

बापूरावांच्या घरी लग्न नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण वर्षापूर्वी आणि पुण्यात. एकुलत्या एका मुलानं कोर्टात लग्न केलं आणि आईवडलांना फोटो पाठवला. बापूरावांची बायको गयाबाई तेव्हापासून म्हणत होती, "गोंधळ घाला वं. देवीला सून दाखवायची ऱ्हायलीय." त्यावर बापूराव एकदा म्हणाले, "कोर्टात झालंय लगीन. देवीला तिथूनच नोटीस गेली असंल." त्यानंतर गयाबाईनं तो विषय काढला नाही. बाकीचे विषय काढणंही कमी केलं.

अशा त्या दारात अण्णा उभे राहिले. पायघोळ अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ.

"गोंधळी आलेत, माय."

बापूरावांना वाटलं, हिनं आपल्याला न विचारता बोलवलं. गयाबाईला वाटलं, ह्यांनी शेवटी बोलवलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही काही बोलले नाहीत. (न बोलण्यानं संसार मोडतात असं ऐकलंय. इथं उलटं झालं.) गयाबाई आत गेली आणि पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली.

अण्णांना मांडव दिसला नाही, पण आजकाल लग्नं परभणीच्या हॉलमध्ये होतात, त्यामुळं त्यांनी चौक मांडायला घेतला. चौकावर उभे करायला पाच ऊस नव्हते, तर ज्वारीची पाच धाटं आणा म्हणाले.

"अन् नवरा-नवरी?"

"पुण्याला हायेत," बापूराव म्हणाले. "रजा न्हाई भेटली."

अण्णांनी दोन पाट मांडले. "मग तुमी दोघं बसा पाटावर. जोडपं ते जोडपं."

चाळीस वर्षं संसार झालेली ती दोघं उपरण्या-पदराची गाठ मारून शेजारी शेजारी बसली, आणि अण्णांनी संबळावर पहिली काडी टाकली. हे सगळं मला नंतर सोपानकाकांनी सांगितलं. त्या वेळी मी दुकानात होतो आणि सुखात होतो.

मग बाबारावांचा फोन आला. "कुठं हायेत तुमचे अण्णा? सूनबाई कवाच्यान पाटावर बसायलीय."

"सकाळीच पोचलेत की."

"कुठं?"

त्या 'कुठं'वर मी त्यांचं नाव पुन्हा विचारलं. 'बाबाराव,' ते म्हणाले, आणि डोळ्यांपुढं पावती आली. तिच्यावर बापूराव होतं. मालकाला "घरी जरा अडचण आहे" एवढंच सांगून मी मोटारसायकलीला किक मारली. रस्ताभर एकच डोक्यात होतं: पन्नास वर्षांत अण्णांनी एकही गोंधळ चुकवला नाही, आणि तो मी दुकानात बसल्या जागी चुकवून दाखवला. वेड पांघरून पेडगावला जाणारे पुष्कळ असतात. मला पांघरायची गरज नव्हती.

गावात शिरलो तर बापूरावांच्या गल्लीतून संबळ ऐकू आला. अंगणात जाऊन बघतो, तर अण्णा पूर्ण रंगात. गयाबाई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. मी सोपानकाकांच्या कानाशी लागलो.

"काका, घर चुकलंय. बाबारावांकडं जायचं होतं."

काकांनी तुणतुणं न थांबवता सांगितलं, "चौक भरलाय. देवी आलीय. आता आरतीबिगर उठता येत न्हाई."

"मग तिकडं काय करायचं?"

अण्णांना वाजवतानाही जवळचं कुजबुजणं कळतं. ते गिरकी घेऊन माझ्यापाशी आले. "तू जा. चौक मांड. हाका मारायला सुरू कर. हितलं उरकलं की आलोच मी."

"अण्णा, मी?"

"शब्द पाठ हायेत न्हवं?"

शब्द पाठ होतेच. अडचण शब्दांची कधीच नव्हती.

काकांची झांज घेऊन मी बाबारावांकडं गेलो. तिथं मांडव, पाहुणे, पाटावर कंटाळलेलं नवं जोडपं, आणि कानठळ्या बसवणारा डीजे. मी भारदस्त आवाजात म्हणालो, "आधी तो स्पीकर बंद करा. देवीचं कार्य आहे." लोकांनी लगेच बंद केला. (ही माझी दुसरी चूक.)

मग मी चौक मांडायला घेतला. अण्णा येईपर्यंत वेळ काढायचा होता, म्हणून गहू मुठीनं न टाकता चिमटीनं टाकू लागलो. रेघ जरा वाकडी झाली की पुसून पुन्हा. बाबाराव डोक्यावर येऊन उभे राहिले.

"चौक भरायलास का पेरणी करायलास?"

आता उठणं भाग होतं. मी झांज वाजवली, डोळे मिटले, अण्णांना आठवलं आणि देवीला पहिली हाक मारली. ती हाक कुठून निघाली ते सांगता येत नाही. पोचली मात्र सगळीकडं. गोठ्यात बसलेली म्हैस उठल्याचा आवाज आला. एक तान्हं लेकरू रडायला लागलं आणि आपला इथं टिकाव लागत नाही हे कळून गप्प बसलं.

दुसऱ्या हाकेला कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या हाकेला तर पूर्ण शांतता. मला वाटलं, लोक तल्लीन झालेत. मग मला जोर चढला. डोळे आणखी घट्ट मिटून मी गावोगावच्या देवींना नावानिशी बोलवत सुटलो. एकही गाव सुटलं नाही, एकही शब्द चुकला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की मी गोंधळ्याचा मुलगा आहे.

डोळे उघडले. अंगण रिकामं होतं.

पाहुणे नव्हते, बाबाराव नव्हते, पाटावर नवरा-नवरीसुद्धा नव्हती. फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारबाबा डोलत बसले होते. मी जाऊन त्यांच्या पाया पडलो.

"बाबा, तुमी तरी थांबलात."

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "कानाचं मशीन चार्जिंगला लावलंय."

झालं असं होतं की स्पीकर बंद होताच दोन गल्ल्यांपलीकडचा अण्णांचा संबळ इथं ऐकू यायला लागला. आधी बाया उठल्या, मग पोरं, मग नवरी. आणि ती उठली तर गाठीनं बांधलेला नवराही मागं गेला. मी झांज घेऊन पळत निघालो.

बापूरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाराव अण्णांपुढं उभे राहून लाल झाले होते. "माझ्या घरचा गोंधळ ह्याच्या दारात?"

अण्णांनी एका हातानं ठेका चालू ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"चूक माझी हाय, बाबाराव. मी गावात नीट विचारलं न्हाई. पर देवी येऊन बसलीय. आता तिला उठवून दोन गल्ल्या चालवू का? तुमीच सांगा."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चिठ्ठीचंही नाही. मी मान खाली घातली.

बाबाराव काही बोलणार, तेवढ्यात गयाबाईनं हाक मारली. तिनं केव्हाच सरकून त्यांच्या सुनेला शेजारी जागा करून दिली होती आणि तिची ओटी भरत होती.

"भावजी, मला बी देवीला सून दाखवायची व्हती. माझी आली न्हाई. हिलाच दाखविते, चालंल का?"

बाबारावांनी तिच्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि बापूरावांच्या शेजारी मांडी घालून बसले.

त्यानंतर अण्णांनी जो संबळ वाजवला तो मला लिहून दाखवता येणार नाही. दोन जोडपी देवीपुढं वाकली, एक विशीतलं आणि एक साठीतलं, आणि वर्षभर मुकं असलेलं ते अंगण माणसांनी भरून गेलं.

आरती झाल्यावर बापूरावांनी मला बाजूला घेतलं. "घर चुकलं ते तिला सांगू नको. तिला वाटायलंय, मी बोलवलं."

आत पाणी प्यायला गेलो तर गयाबाई हळूच म्हणाली, "ह्यांनी बोलवलं न्हाई, ते कळलंय मला. पर दारात आलेला गोंधळी ह्यांनी माघारी बी लावला न्हाई. ह्यांना सांगू नको."

मी दोघांनाही शब्द दिला. (तो आता लिहून मोडतोय. दोघंही छापलेलं वाचत नसावीत, या भरवशावर.)

येताना अण्णा माझ्या गाडीवर मागं बसले, मांडीवर संबळ. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. गाव मागं पडलं तसे ते पुढं वाकले. मग म्हणाले, "एकबी शब्द चुकला न्हाई तुझा. ऐकत व्हतो मी."

मला समोरचा रस्ता दिसेना. डोळ्यात धूळ गेली म्हणून मी गाडी थांबवली. दोन दिवस मी दुकानात शीळ घालत होतो. तिसऱ्या दिवशी सोपानकाका म्हणाले, "येड्या, त्या संबळाम्होरं मला माझं तुणतुणं ऐकू येत न्हाई. त्यांना दोन गल्ल्यांपलीकडचं काय ऐकू येणार?"

"मग ते तसं का म्हणाले?"

"बाप हायेत तुझे," काका म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

आमंत्रणं अजूनही मीच घेतो. अण्णांनी फक्त एक नियम घालून दिलाय: समोरच्याचं नाव आणि गाव त्यालाच दोनदा म्हणून दाखवायचं. गाऊन नको, हे त्यांनी वेगळं सांगितलं.