पाठीवरचा तळहात

गौरीच्या फेरात नवखी बाई पुढचीच्या पायांवर डोळे लावून असते, तरी तिचे पाऊल दर वेळी एक ठेका मागेच पडते. असे का? आपणही हे पाहिले असेल. कर्जतच्या शाळेत वर्षानुवर्षे शारीरिक शिक्षण शिकवूनही मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. ते मिळाले कडावजवळच्या एका अंगणात, भागीरथीबाईंकडून. त्या आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

त्या पहिल्या भेटीत मी शाळेच्या मुलींसाठी त्यांच्या अंगणात खडूने पावले आखली होती, त्यांवर आकडेही घातले होते. मुली नेमक्या आकड्यांवर पाय ठेवत होत्या. फेर मात्र जागचा हलेना.

"बाई, नाच शिकवताय का लंगडी?" भागीरथीबाईंनी ओट्यावरून विचारले. शेजारी बसलेल्या त्यांच्या धाकट्या जाऊ द्रौपदाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या.

मग भागीरथीबाईंनी स्वतः ओल्या फडक्याने आकडे पुसले आणि प्रत्येकीचा उजवा तळहात शेजारणीच्या पाठीवर ठेवायला लावला. "डोळे मिटा गं. पाठ सांगंल."

फेर फिरला! कारण अगदी सोपे आहे: पाय उचलण्याआधी अंगाचा भार दुसऱ्या पायावर जातो. पाठ ते आधी सांगते. डोळ्याला दिसते तेव्हा ठेका निघून गेलेला असतो.

पुढे दर वर्षी बाईंनी नवख्यांचा वर्ग घेतला. मोहोपाड्याच्या कारखान्यातून कामाची पाळी संपवून येणाऱ्या गावातल्या एका सुनेला त्या आधी घमेल्यात गरम पाणी देत. "पाय शेक, मंग नाच."

स्वतः बाईंचा तळहात द्रौपदाकाकूंच्या लग्नापासून त्यांच्या पाठीवर होता. गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. गौरी आल्या, फेर धरला, पण बाई ओट्यावरून उठल्या नाहीत.

"हात कुणावं ठेवू गं?"

मी त्यांना उठवून फेरात नेले आणि त्यांच्या उजवीकडे उभी राहिले. अर्धा फेर झाला आणि त्यांनी हात काढून घेतला.

"तुझा दोष नाय. तुझी पाठ बी सांगते, पन दुसरंच कायतरी सांगते."

यंदाचा वर्ग होणार की नाही, हे विचारण्याचे धाडस आम्हा कोणाला झाले नाही. गेल्या आठवड्यात पळसदरीची एक मुलगी शिकायची म्हणून आली. बाईंनी तिला ओट्यापाशी पाठमोरी उभी केली, बसल्या जागेवरून तिच्या पाठीवर तळहात टेकला आणि म्हणाल्या, "चल, टाक पाऊल."

वर्ग सुरू झाला आहे. फेरात मात्र बाई अजून आलेल्या नाहीत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. फेरात परत या, असा हट्ट आम्ही धरणार नाही. त्यांची आणि काकूंची जागा मोकळी ठेवू.

वाचकहो, एक करून पाहा. घरातल्या कोणाच्या तरी पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटा आणि त्यांना मनाला येईल तो पाय उचलू द्या. कोणता, ते आपल्याला आधीच कळेल. मग हात काढून घ्या. पाठीची ऊब क्षणभर तळहातावर राहील. बाईंच्या तळहातावर ती वर्षभर आहे.