लीलाधर नानांचं फुकटचं नेट

जळगावच्या बसस्थानकामागे लीलाधर नानांचं भरीत-पुरीचं हॉटेल आहे. नाना मूळचे पारोळ्याकडचे. थंडी पडली की त्यांच्या दारात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, आणि तो वास नाकात गेलेला माणूस सरळ पुढे जाऊच शकत नाही. नानांना मात्र जेवणाचे पैसे घेतानाही ओशाळल्यासारखं होतं. कांदा, मिरची, ताक मागाल तितकं. गिऱ्हाइकांसाठी इंटरनेट घेतलं तेही पासवर्ड न लावता. "पानीले कोनी कुलूप लावस का?" असं त्यांचं म्हणणं. गल्ल्यावर बसणारा त्यांचा मुलगा, समाधान, कपाळावर हात मारून घ्यायचा. पण फुकट ते पौष्टिक! एसटी चुकलेली माणसं हटकून तिथेच येऊन बसू लागली.

एका दुपारी हॉटेल गच्च भरलं होतं. धरणगावहून कॉलेजला येणारी मंतशा गल्ल्यापाशी आली. "नाना, तुमचं नेट आज माझ्या ईमेलचा पासवर्ड का मागतंय?"

"मन्हं नेट कोनले काहीच मांगत नही, बेटा."

तिने मोबाइल दाखवला. त्यावर नेटच्या यादीत 'लीलाधर भरीत' होतं, आणि खाली 'लीलाधर भरीत फ्री'. समाधानचा चेहरा उतरला. हे दुसरं त्यांचं नव्हतंच. आसपास बसलेल्या कुण्या भामट्याने नानांच्या नावाचं खोटं नेट उघडलं होतं, आणि लोक त्यात जे टाइप करतील ते थेट त्याच्या हाती जात होतं. लोकांनी तरी शंका कशी घ्यावी? दुसऱ्या कुठल्या हॉटेलात 'फ्री' दिसलं असतं तर माणूस दचकला असता. नानांकडे फ्री नसतं तरच नवल!

नानांनी मोबाइल हातात घेऊन पाहिला. जन्मात कुणाच्या ताटात शिळं वाढलं नाही, आणि आज त्यांच्याच नावावर त्यांच्याच पाहुण्यांचा खिसा कापला जात होता.

समाधान कानाशी लागला. "नाना, बोभाटा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गुपचूप आपल्या नेटचं नाव बदलतो."

"आनि ज्यासनी पासवर्ड लिखी टाका त्यासनं काय?" नाना कडाडले. ते बाकावर चढले आणि भर गर्दीत ओरडले, "बठ्ठा आयका! मन्हा नावनं एक चोर नेट चालू शे. 'फ्री' लिखेल शे ते मन्हं नही. बंद करा!"

लोकांनी घाईघाईने मोबाइल काढले. दोघे-तिघे अर्धं ताट टाकून उठले. एकजण जाता जाता म्हणाला, "या हॉटेलात पुन्हा पाय ठेवायचा नाही." नानांना ते सुरीसारखं लागलं, पण ते बाकावरून उतरले नाहीत.

कोपऱ्यात रावेरचा केळीवाला जीवराम घामाघूम झाला होता. त्याने पासवर्ड देऊन टाकला होता, आणि या पठ्ठ्याचा ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड एकच! मंतशाने त्याला आधी ते नेट तोडायला लावलं, मग त्याच्या स्वतःच्या मोबाइल डेटावरून दोन्ही पासवर्ड बदलून घेतले, दोन्ही वेगवेगळे. नाना शेजारी बसून राहिले. जीवरामचं काही गेलं नाही हे कळलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मंतशाला म्हणाले, "आज तू मन्ही इज्जत राखी, बेटा." तो भामटा काही सापडला नाही. नानांनी त्याला अहिराणीत जे आशीर्वाद दिले ते इथे लिहिता येत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पासवर्ड आला, तोही गल्ल्यावर येऊन विचारायचा. उद्या माणूस फिरकतोय की नाही या धास्तीत बाप-लेक होते. आठवड्याभरात जीवराम आला, सोबत ट्रकचे दोन ड्रायव्हर घेऊन. "म्हटलं, जो माणूस स्वतःचं नुकसान करून खरं बोलतो त्याच्याकडेच जेवू," असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. नानांचा ऊर भरून आला. लोक पूर्वीसारखेच येऊ लागले होते, धूर पूर्वीसारखाच दरवळत होता.

जेवता जेवता जीवरामने पासवर्ड विचारून घेतला आणि बँकेचं ॲप उघडलं. "आता काय, तुमच्यावर भरवसा आहे, नाना!"

नानांनी वाढायचा हात थांबवला.

"मन्हावर भरोसा शे ना, भाऊ? मंग मन्हं आयका. बँक उघाडनी व्हई तं सोतानं नेट वापरा. मन्हंबी नको."