पावण्याच्या मागं चालणारी जीप

गेल्या अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता, जुन्नरहून लेण्याद्रीला जाणाऱ्या रस्त्यावर एका जीपवाल्यावर अन्याय झाला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यानंच सांगितलंय, "ताई, नाव नका छापू, पोरीची सोयरीक जमायचीय." पण नावाशिवायही तुम्ही त्याला ओळखता. स्टँडच्या बाहेर उभ्या केलेल्या जीपला टेकून, पायातल्या चपला काढून, त्या मातीत सरकवत कुणातरी गोऱ्या पावण्याला रस्ता शिकवणारा माणूस तुम्ही पाहिलाय. हसलाही असाल. मीही हसले होते.

एक चप्पल म्हणजे यष्टी, दुसरी म्हणजे पावणा. मातीत बोटानं ओढलेली रेघ म्हणजे रस्ता. "धिस यष्टी," तो सांगायचा, "नो ब्रेक." पावणा दचकायचा. मग हा मराठीत आमच्याकडं वळून म्हणायचा, "ब्रेक आसतो, पर नाय आसं समजून चाललं तर मानूस जगतो." आणि डाव्या मांडीवर डावा तळहात आपटायचा. "लेफ्ट म्हंजे लेफ्ट. मेलास तरी लेफ्ट."

आम्ही त्याला मामा म्हणायचो. आमची ओळख भांडणातून झाली. मी निमगाव सावाची. कॉलेज संपल्यापासून रस्ता सुरक्षेची पत्रकं वाटते. ओळख झाली त्या दिवशी स्टँडवर वाटत होते. मामानं एक पत्रक घेतलं, उलटसुलट केलं आणि मोठ्यानं वाचलं, "परदेशी पर्यटकांनी वाहतुकीचे नियम पाळावेत." मग विचारलं, "ताई, ह्ये मराठीत छापलंय. वाचनार कोन, जपानी?"

आजूबाजूचे जीपवाले खिदळले. मी चिडून म्हणाले, "मुद्दा नियमांचा आहे."

"कोनत्या? कागदावरच्या का रस्त्यावरच्या?"

"नियम एकच असतात."

"मंग तुमी नारायणगावच्या बायपासला उभ्या राहिल्या नसाल कवा," असं म्हणून त्यानं पत्रकाची घडी खिशात घातली. फेकलं नाही. ते माझ्या लक्षात राहिलं.

कागदावरचे नियमही त्याला माझ्यापेक्षा चांगले येत होते, हे मला पुढं कळलं. लेणी बघायला येणाऱ्या पावण्यांना लॉजवाले सर्रास मोटारसायकली द्यायचे. मामा आडवा जायचा. "बुक?" असं विचारायचा. म्हणजे पावण्याच्या देशातून आणलेलं, राखाडी पुठ्ठ्याचं परदेशात गाडी चालवायच्या परवान्याचं पुस्तक. नुसतं तिकडचं लायसन चालत नाही. पुस्तक दिसलं की त्यातलं मोटारसायकलचं पान उघडायचा आणि शिक्का शोधायचा. कारचा शिक्का असून मोटारसायकलचा नसला की पुस्तक मिटून परत. "नो स्टॅम्प, नो फटफटी. यष्टी बेस्ट." भीमाशंकरला जायचं म्हणणाऱ्याला तो घोडेगावपर्यंत कुठली यष्टी, तिथून पुढं कुठली, हे बोटांवर मोजून सांगायचा आणि शेवटी आकाशाकडं हात करायचा, "बाइक नो. फॉग." स्वतः आंबेगावातला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा. त्या धुक्यात वाढलेला माणूस.

इतर जीपवाले त्याला टोमणे मारायचे. "मामा, पावण्याला यष्टीत बसवायचं तर जीप कशाला घेतली राव? इकून टाक." मामा म्हणायचा, "बसंल की. परतीला बसंल. तवा त्याचं पाय दुखत्यात." आणि खरंच, लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आलेले पावणे त्यालाच शोधायचे.

कधी कधी पावण्याचं पुस्तक बरोबर असायचं, शिक्का असायचा, आणि तो ऐकायचाच नाही. मग मामाची एक पद्धत होती. ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पावणा मोटारसायकलवर पुढं, आणि मामाची जीप वीस हात मागं. रिकामी. वाटेत सीटं भरायची नाहीत, हॉर्न वाजवायचा नाही. मागून येणाऱ्या डंपरनं, पिकअपनं आधी जीप बघावी, तिला वळसा घालावा, पावण्याला धक्का लागू नये म्हणून. पावण्याला बऱ्याचदा पत्ताही नसायचा. पोरं ओरडायची, "मामा, वरात कुनाची?" मामा हात वर करून पुढं जायचा.

त्या बुधवारी पुढं हॉलंडचा एक पन्नाशीचा माणूस होता. लेण्यांच्या खांबांची चित्रं काढणारा. पुस्तक होतं, शिक्का होता. गाडी मात्र लॉजवाल्याची खाजगी, पांढऱ्या पाटीची. मामा लॉजवाल्याला म्हणाला होता, "ही भाड्यानं द्यायची गाडी न्हाई. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आस्ती." लॉजवाला म्हणाला, "पाच किलोमीटरला कसली पाटी बघतो? तू आरटीओ हाय का?" मामानं मग चपलांचा पूर्ण धडा घेतला. गाई, स्पीडब्रेकर, उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर, सगळं. आणि जीप मागं लावली.

नदीचा पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर घासाचा भारा. पलीकडं जायचं होतं. पावणा थांबला.

एवढंच झालं. तो थांबला. त्याच्या देशात माणूस कडेला उभा दिसला की गाडी थांबवतात. त्यानं भर रस्त्यात ब्रेक दाबला, पाय खाली टेकवला आणि म्हातारीला हातानं 'जा' म्हणून खुणावलं. मामानंही जीप थांबवली, वेळेत थांबवली. पण मागून टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांची पिकअप येत होती. तिला कुणी थांबेल असं वाटलंच नव्हतं. ती जीपवर आदळली, जीप मोटारसायकलवर ढकलली गेली, पावणा पडला आणि त्याचं मनगट मोडलं. पिकअप मागं सरली, वळसा घालून निघून गेली. मामानं पावण्याला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं.

पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचा. "जीपचालकाने हयगयीने व अविचाराने वाहन चालवून उभ्या मोटारसायकलीस पाठीमागून धडक दिली." पिकअप नाही. म्हातारी नाही. लॉजवाला नाही. जीपचा मागचा पत्रा आत गेलाय, तर तो "पूर्वीपासून चेपलेला". पावण्यानं ठाण्यात प्लॅस्टर घातलेला हात हलवत अर्धा तास काहीतरी सांगितलं. ते समजणारा ठाण्यात एकच माणूस होता आणि तोच आरोपी होता. दुभाष्या नाही म्हणून जबाब नाही. दोन दिवसांनी पावण्याचं विमान होतं. मामाचं लायसन जमा झालं.

मी तावातावानं त्याच्याकडं गेले. तो जीपच्या बॉनेटवर बसला होता, चालवायला परवानगी नसलेल्या गाडीच्या. मी म्हणाले, "मामा, हे आपण सोडायचं नाही. त्या परदेशी माणसाचीसुद्धा चूक नव्हती."

"नव्हतीच की," मामा म्हणाला. "आपली व्हती."

"तुमची कशी?"

त्यानं मांडीवरची धूळ झटकली. "समदं शिकवलं ताई. येवढं येकच सांगायचं राहिलं. की आमच्यात मानूस उभा दिसला तर थांबायचं नसतं."

"विसरलात?"

"इसरलो न्हाई. दर टायमाला त्वांडाशी येतं. पर परक्याला आपल्या घरातली आसली गोस्ट सांगायची लाज वाटती."

माझ्या पिशवीत तीनशे पत्रकं होती. एकातही हे वाक्य नव्हतं. वेग, हेल्मेट, दारू, मोबाइल, सगळं होतं. मी त्या दिवशी एकही वाटलं नाही.

त्या म्हातारीला मी शोधून काढलं. पुलापलीकडच्या वस्तीवर राहते. म्हणाली, "म्या बघितलं की. पिकअपनं हाणलं. पर मला कोन इचारायला आलं?" मी म्हटलं, आता मी विचारते. ती म्हणाली, "येते म्या. कुटंबी येते. पर येकल्या बाईचं कोन खरं मानंल? पिकअपचा मालक लई मोठा मानूस हाय म्हंत्यात." मग म्हणाली, "माज्यासाठी आजपातूर कोनी गाडी थांबवली नव्हती बघ. थांबला, तर आसं झालं. आता म्या तिथून वलांडत न्हाई. खालून, नदीतून जाते."

मामा आता गावी गेलाय, डिंभ्याच्या वर. भात काढणीला माणूस लागतोच, असं बायकोला सांगून गेला. जीप भावकीतल्या कुणाच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. लायसनची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. लायसन गेलं तर जीप विकावी लागेल, आणि वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बांधावर कामाला जावं लागेल. परवा स्टँडवर दोन पावणे नकाशा उघडून उभे होते. कुणी तरी त्यांना मोटारसायकलची किल्ली दिली. पुस्तक कुणी विचारलं नाही. ते निघाले तेव्हा त्यांच्या मागं एक डंपर होता.

आता तुमच्याशी बोलते. त्या बुधवारी, सव्वानऊच्या सुमाराला, लेण्याद्रीकडून जुन्नरला येणारी यष्टी त्या जागी समोरून आली आणि खोळंबली. ती भरलेली होती. अंगारकीला मुक्कामी राहिलेले भाविक होते, कॉलेजची पोरं होती, राजुरीला लग्नाला निघालेलं एक कुटुंब होतं, हे कंडक्टरनं मला सांगितलंय. तुम्ही खिडकीतून पाहिलं. पिकअप आदळताना पाहिली, मागं सरताना पाहिली, तुमच्यापैकी एकानं फोनही बाहेर काढला होता. मग यष्टी सुटली आणि तुम्ही घरी गेलात.

पुढच्या महिन्यातल्या सुनावणीच्या आधी ठाण्यात जा. म्हातारीला सोबत मी आणते. तुम्ही तुमचं नाव सांगा, कुठल्या खिडकीशी बसला होतात ते सांगा, आणि जे पाहिलं ते लिहून, सही करून द्या.