पुडीत काय हाय, ते आधी सांगा

मैत्रिणींनो, आज सकाळी जळोचीत शेजारच्या काकू माझ्या पोटुशा लेकीसाठी मुलगा होण्याची पुडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातनं घे."

माझं डोकंच सणकलं. पंच्याण्णव साली पणदऱ्यात सासूबाईंनी अशीच पुडी दुधात कालवून माझ्यापुढं धरली होती.

"आत्या, यात काय हाय?"

"आमी कुठं इचारलं व्हतं?"

"गाभण गाईला जंताचं औषध द्यायच्या आधी डॉक्टरला विचारता न्हवं? मग माझ्यासाठी का न्हाय?" म्हणत मी पेला मोरीत ओतला.

तेव्हा पोटात हीच लेक होती. आज ती म्हणाली, "काकू, आत काय हाय ते लिहून खाली सही करा. डॉक्टरांना दाखवते."

काकू पुडी घेऊन गेल्या.

खरं सांगा, तुमच्या घरात औषधाआधी डॉक्टरला कुणासाठी विचारतात, गाईसाठी की सुनेसाठी?