वैमानिकाचे परदेशी हेडफोन

जानेफळच्या माळावर कपाशी फवारणारं विमान उतरलं होतं. वैमानिक रुमालानं आपले परदेशी हेडफोन पुसत होता. कान गेले तर परवाना जाईल, असं डॉक्टरांनी बजावल्यावर त्यानं चार महिन्यांचा पगार त्यात घातला होता.

"उपयोग होतो?" मी विचारलं.

"आवाज पार थांबतो. इतका, की इंजिनच बंद पडलंय असं वाटतं. म्हणून डावा कान उघडा ठेवूनच उडतो."

शेतात उभं राहून विमानाला झेंडी दाखवणारे काका त्याच्या डावीकडे होते. ते म्हणाले, "मंग येकाच कानाचं काऊन नाई घेतलं, सायेब?"

वैमानिक रुमालाची घडी घालत राहिला. काकांनी तेच ओरडून विचारलं. तेव्हा त्यानं वळून उजवा कान पुढे केला.