निघायचं कुणी सांगायचं?

हे लिहिणारा मी कोण, असं तुम्ही विचारलंत तर माझ्याकडे नीट उत्तर नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही तिसऱ्या वर्षापर्यंत रखडत पोचलेला. छापण्यासारखं लिहिणं हे दुसऱ्यांचं काम, असंच आम्ही समजत आलो. शिवाय ही हकिकत माझ्यापेक्षा दुसऱ्या एकाची जास्त आहे. म्हणून आधीच माफी मागतो.

लहानपणापासून मी वेंधळा. मोहने गावातल्या चाळीत मला हाच शब्द होता, टिटवाळ्याला राहायला आलो तरी तो सोबत आला. कॉलेजातल्या एका मॅडमनी डॉक्टरकडे पाठवलं तेव्हा कळलं की याला एडीएचडी म्हणतात. मी आईला ते जमेल तसं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे वेंधळाच ना? मग त्याला डॉक्टर कशाला?"

डॉक्टरांनी ठाण्याच्या एका ताईंकडे जायला सांगितलं. जायचं म्हणजे ऑनलाइनच. ताई शिकवत नाहीत, सोबत बसतात. सकाळी सगळ्यांनी कॅमेरा लावायचा, आज काय करणार ते एका वाक्यात सांगायचं, आवाज बंद करायचा आणि आपापलं काम करत बसायचं. शेवटी ताई "आता थांबूया" म्हणतात. एकटा बसलो की माझं पुस्तक पहिल्याच पानावर राहतं, समोर कुणी बसलेलं दिसलं की पुढे सरकतं. का, ते मला अजून कळलेलं नाही. आई माझ्या मागून केर काढत जायची आणि म्हणायची, "चालू द्या, बिनआवाजाचा सिनेमा."

आमच्यात डोंबिवलीचा एक जण होता. पंचविशीचा असेल. त्याला ऑटिझम आहे, हे त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं, जसं आपण गाव सांगतो तसं. तो सगळ्यांना तुम्ही म्हणायचा, ताईंच्या मांजरालासुद्धा. सांगितलेलं तो अगदी सांगितल्याप्रमाणे करायचा. एकदा ताई "आता थांबूया" म्हणायचं विसरल्या, तर तो दुपारपर्यंत तसाच बसून राहिला होता.

नोकरीसाठी तो खूप ठिकाणी जाऊन आला होता. एका ठिकाणी 'तुमच्यात कमी काय आहे' असं विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं, साहेब पुरे म्हणेपर्यंत. शेवटी ताईंनी वागळे इस्टेटमधल्या एका स्विच बनवणाऱ्या वर्कशॉपच्या मालकांशी बोलणं केलं. तयार माल तपासायचं काम. मालक म्हणाले, "एक दिवस बघीन. अकराला पाठवा. नाही जमलं तर पुन्हा गळ घालू नका." त्याच्या आईने रविवारी त्याला बरोबर नेऊन गाडी, बस, गेट, सगळं दाखवून आणलं.

त्या सकाळी कॉलवर आम्ही तिघंच होतो. ताई, तो आणि मी. तो इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला सॅक लावूनच खुर्चीवर बसला होता. ताई त्याला विचारत होत्या, डबा घेतला का, पास घेतला का. तेवढ्यात त्यांच्या घरात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. त्या उठल्या. "एक मिनिट हं. मी सांगितल्याशिवाय निघू नकोस, काहीतरी राहील." आणि पळत आत गेल्या.

त्या परत आल्याच नाहीत. चौकटीत त्यांची रिकामी खुर्ची दिसत राहिली. मी फोन लावला, उचलला नाही. इकडे निघायची वेळ झाली आणि टळूही लागली.

"अरे, तू निघ आता," मी म्हणालो.

"ताईंनी सांगितलं नाही."

"त्या अडकल्या असतील. मी सांगतो ना."

"तुम्ही ताई नाही."

"तुझ्या आईला फोन लाव मग."

"आई हॉस्पिटलात आया आहे. ड्यूटीवर फोन कपाटात असतो."

मी ओरडलो असेन, कारण आई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली. "काय रे, आज सिनेमाला आवाज कसा?" मी तिला सांगितलं. ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि पहिल्यांदाच त्या चौकटीशी बोलली.

"बाळा, दही-साखर खाल्लीस का?"

"नाही. कुठे जायचं असलं की आई हातावर देते. आज लवकर गेली. वाटीत ठेवलीय. निघताना खायची."

"मग खा की."

"निघायचं ताई सांगणार."

आई म्हणाली, "निघायचं ताई सांगणार, बरोबर. पण दही खायचं कुणी सांगितलं? आईनेच ना? मग तेवढं तरी आईचं ऐक."

त्याने विचार केला. उठला, आत गेला, वाटी चाटूनपुसून परत आला. खुर्चीपर्यंत आला आणि बसता बसता थांबला.

"दही खाल्ल्यावर बसत नाहीत," तो म्हणाला. आम्हाला नाही, खुर्चीला.

"मग काय करतात?" आईने विचारलं.

"मागे न बघता जातात. येतो." आणि दार ओढल्याचा आवाज आला.

"गेला बाई," आई म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग माझं लक्ष गेलं. त्याची चौकट अजून चालूच होती. खुर्ची, मागची भिंत, फिरणारा पंखा. तो कॉल त्याच्या मोबाइलवरच चालला होता. कॉल बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून फोन तिथेच, चार्जिंगला.

गाडी चुकली, बस दुसरीच लागली, कुणी दटावलं, तर तो कुणाला कळवणार? आणि त्याला बाहेर काढलं होतं आम्ही. दुपारी ताईंचा मेसेज आला. वडील बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटलात आहे. तो निघाला ना? मी लिहिलं, निघाला, पण फोन घरीच. त्यांनी वर्कशॉपला किती वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही.

मी पुस्तक उघडून बसलो होतो. दोन रिकाम्या खुर्च्या समोर असताना एकही ओळ वाचली नाही. आई येऊन जाऊन विचारत होती, "आला का रे?" नंतर तिने विचारणं सोडलं. "दुसऱ्याचं लेकरू," एवढंच एकदा म्हणाली आणि वेळेआधीच देवाजवळ दिवा लावला.

त्याची खोली काळोखी होत गेली. मग दिवा लागला. गणवेशातली एक बाई फोनवर वाकली. त्याची आई.

"कोण बोलतंय? हा फोन इथे कसा? माझा मुलगा कुठाय?"

मी सांगायला लागलो. ताई, दही, माझी आई, सगळं उलटसुलट. त्याच्या आईचा चेहरा बघून मला वाक्य पुरं करता येईना. माझी आई मागून म्हणाली, "अहो, चूक माझी आहे, ह्याची नाही."

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. त्या "हो, हो" म्हणत ऐकत होत्या. एकदा म्हणाल्या, "अजून?" मग हळूच त्याच खुर्चीवर बसल्या.

"वर्कशॉपमधून मालक बोलत होते, माझा नंबर त्यानेच दिला," त्या आम्हाला म्हणाल्या. "थोडा उशिरा पोचला. उशीर झाला हे त्यानेच आधी सांगितलं. दिवसभर काम केलं. सुट्टी झाली, सगळे घरी गेले, हा आपला टेबलापाशी बसून. उठ म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मालक म्हणतात, अंधार झालाय, आज येऊन घेऊन जा. उद्यापासून सुट्टी झाली की मी स्वतः त्याला निघ म्हणून सांगत जाईन."