साबिनाने बुडवलेली खाण

सान आन्तोलिनात आता साबिना एकटीच राहते. बाकी छपरं उडालेली घरं, गंजके रूळ आणि देवळात खुशाल लेंड्या टाकणारी लामा नावाची लोकरीची जनावरं. चांदी संपली तसं गाव उठलं. जाताना लोकांनी खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उपटून नेल्या, मेल्यांनी. मागे ठेवलं ते साबिनाच्या माथ्यावरचं खापर.

बाई खाणीत शिरली की खडकातली चांदीची शीर रुसून निघून जाते, हे बोलिव्हियाच्या त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाणीचं छत कोसळलं तेव्हा बापेमाणसं बाहेरच कोकाची पानं चघळत उभी राहिली, आणि ही आत घुसली. नवऱ्याला ओढून बाहेर आणलं, पण तो मेलेला होता. पुढे महिनाभरात खाण बंद पडली. साबिनाने बुडवली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. एकुलता एक मुलगा रुफिनोही आईवर थुंकून चुलत्यांबरोबर शहरात गेला.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती खाणीच्या तोंडाशी दारू ओतते. आतला सैतान म्हणजे चांदीचा धनी, त्याला तिथे सगळे काका म्हणतात. "काका, चांदी परत दे," ती विनवते, "म्हणजे माझं पोरगं परत येईल."

परवा तेओदोसियो आला. त्या काळचा मुकादम, आता परक्यांना जीपमधून गाव दाखवत हिंडतो. त्याने चार गोऱ्या बायकांच्या डोक्यावर हेल्मेटं चढवली आणि त्यांना सरळ खाणीकडे पिटाळलं.

"अरे मुडद्या, बायकांना आत पाठवतोस?" साबिना किंचाळली. "आणि शीर?"

"कसली शीर घेऊन बसलीस, मावशी! ती तू आत शिरायच्या आधीच आटली होती. इंजिनियरने आम्हाला सांगितलं होतं ना." तो दात कोरत हसला. "पण गाव पिसाळलेलं. कुणाच्या तरी नावावर दोष घालायला नको?"

साबिनाला त्या तोंडाची शिसारी आली. तरी तिने त्याची बाही घट्ट धरली.

"हे रुफिनोला सांग. आत्ता फोन लाव. तुझ्या तोंडून ऐकलं तर येईल तो."

तेओदोसियोचं हसू मावळलं. "त्याला काय सांगायचं? तो खाणीत माझ्याच टोळीत होता. इंजिनियर बोलला तेव्हा शेजारीच उभा होता."

साबिनाने बाही सोडली आणि हात घागऱ्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

"लावू का तरी?" फोन काढत त्याने ओशाळून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "चुकून येईल तो."